फाटकापाशी चुकणारे गणित : कामे ठरल्या वेळेत पूर्ण का होत नाहीत?

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाला वेळेच्या अंदाजाचा पहिला धडा रेल्वे फाटकावर मिळतो. काँग्रेस रस्त्याला समांतर जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले, दुसरे आणि तिसरे फाटक ही इथली पत्ता सांगण्याची खूण आहे. तिसऱ्या फाटकावर आता उड्डाणपूल झाला असला तरी फाटकांच्या हिशेबाने दिवस आखण्याची सवय मोडलेली नाही. घरातून निघून शहरात पोहोचण्यास किती वेळ लागतो, असे विचारले तर बहुतेक जण 'दहा-बारा मिनिटे' असे उत्तर देतील. ते खोटे नसते, कारण बहुतेक दिवशी तेवढाच वेळ लागतो. मात्र ज्या दिवशी फाटक पडलेले असते आणि एक गाडी गेल्यावर दुसरीची वाट पाहावी लागते, त्या दिवशी हीच बारा मिनिटे पंचवीस होतात.

या साध्या अनुभवात मोठमोठ्या प्रकल्पांच्या विलंबाचे मर्म दडलेले आहे. रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी बारा मिनिटांचा प्रवास पाच मिनिटांत होत नाही. फार तर दोन मिनिटे वाचतात. उशीर मात्र कितीही होऊ शकतो. लवकर पोहोचण्याला मर्यादा आहे, उशिराला नाही. त्यामुळे 'बहुतेक वेळा लागणारा वेळ' आणि 'सरासरी लागणारा वेळ' या दोन गोष्टी एक राहत नाहीत. सरासरी नेहमी उशिराच्या बाजूला झुकते. अंदाज विचारला की माणूस पहिला आकडा सांगतो आणि प्रत्यक्षात त्याला दुसऱ्याची किंमत मोजावी लागते.

साखळीतील कडी

प्रवासात एक फाटक असते. बांधकामात, धरणात किंवा संगणक-प्रणालीत अशी अनेक फाटके एकामागोमाग उभी असतात. टिळकवाडीत गेल्या काही वर्षांत जुने बंगले पाडून तिथे सदनिका उभारण्याचे प्रमाण वाढले आहे. समजा, एका कुटुंबाने आपला जुना बंगला विकासकाला दिला आणि अठरा महिन्यांत नव्या इमारतीत परत येण्याच्या भरवशावर हिंदवाडीत किंवा अनगोळला भाड्याचे घर घेतले. जुने बांधकाम पाडणे, परवानगी, पाया, जोते, एकेक स्लॅब, भिंती, गिलावा, नळजोडणी, विजेची जोडणी, फरशी, लिफ्ट आणि अखेरीस वापर परवाना अशी कामांची साखळी असते. यांतील प्रत्येक काम वेळेत होण्याची शक्यता दहापैकी नऊ, म्हणजे चांगलीच आहे असे मानले, तरी सलग पाच कामे वेळेत होण्याची शक्यता शंभरात सुमारे ५९ उरते. दहा कामांची साखळी असेल तर ती ३५ वर येते. प्रत्येक कारागिराने आपला शब्द बऱ्यापैकी पाळला, तरीही तीनपैकी दोन इमारती रेंगाळतात.

वास्तव याहून कठीण असते, कारण ही कामे एकमेकांपासून वेगळी नसतात. बेळगावचा जोरदार पाऊस गवंड्याला थांबवतो, तसाच खडी-वाळूच्या ट्रकलाही थांबवतो. सुगीच्या दिवसांत मजूर गावी गेले की एका नव्हे, साऱ्याच बांधकामांवरचे हात कमी होतात. स्लॅब ओतायचा तर सेंटरिंग, सळई, सिमेंट, वीज-नळाच्या आतील नळ्या आणि मजूर हे सारे एकाच दिवशी तयार असावे लागते. त्यांतील चार गोष्टी वेळेआधी सिद्ध झाल्या तरी त्याचा उपयोग नाही. पाचवी जेव्हा येईल तेव्हाच काम सुरू होते. लवकर झालेल्या कामाचा लाभ पुढे पोहोचत नाही, उशिराचा तोटा मात्र जसाच्या तसा पुढे सरकतो.

ऋतूंच्या कुंपणामुळे तर लहान विलंबाचे रूपच पालटते. मे महिन्यात जोत्याचे काम वीस दिवसांनी लांबले, तर कागदावर तो केवळ वीस दिवसांचा विलंब असतो. मात्र तेवढ्यात जूनचा पाऊस उतरला, पायाच्या खड्ड्यात पाणी साचले, तर तेच काम सप्टेंबरअखेरपर्यंत लोंबकळू शकते. वीस दिवसांच्या विलंबाने चार महिने खाल्लेले असतात. भाड्याच्या घराचे चार महिन्यांचे भाडे, कर्जाचा चालू राहिलेला हप्ता आणि शाळेच्या नव्या वर्षाची ओढाताण या रूपाने त्याचा हिशेब कुटुंबाला चुकवावा लागतो.

आपलेच काम वेगळे वाटते

एवढे सगळे अनुभवाने ठाऊक असूनही पुढच्या खेपेचा अंदाज पुन्हा तितकाच आशावादी का असतो? या प्रश्नाचा शास्त्रीय वेध डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये घेतला. नियोजन करताना होणाऱ्या या ठरावीक चुकीला त्यांनी नाव दिले. त्याला मराठीत 'नियोजनभ्रम' म्हणता येईल. कानेमन यांनी स्वतःचाच एक किस्सा पुढे नोंदवून ठेवला आहे. इस्रायलमध्ये शालेय अभ्यासक्रमाचे एक पुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. काम किती काळ चालेल, असे विचारल्यावर गटातील सर्वांचे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान आले. त्याच गटातील एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला मग विचारण्यात आले, की अशी कामे हाती घेतलेल्या इतर गटांचे काय झाले? थोडे आठवून त्यांनी सांगितले, की सुमारे ४० टक्के गटांचे काम कधी पुरेच झाले नाही आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. विशेष म्हणजे याच तज्ज्ञांनी काही क्षणांपूर्वी इतरांसारखाच अडीच वर्षांच्या आतला अंदाज दिला होता. माहिती त्यांच्या डोक्यात होती, पण स्वतःच्या कामाचा विचार करताना ती वापरावी असे त्यांना सुचले नव्हते. ते पुस्तक अखेर आठ वर्षांनी पूर्ण झाले.

अंदाज बांधणारा माणूस आपल्यासमोरच्या कामाची गोष्ट मनात रचतो : आधी हे, मग ते, त्यानंतर ते. या गोष्टीत पावसाळा कोरडा असतो, परवानगीची फाइल टेबलावरून पुढे सरकते आणि मुख्य कारागीर आजारी पडत नाही. अडचण कोणती येईल हे आधी ठाऊक नसल्याने ती गोष्टीत येतच नाही. कोणती येईल हे सांगता आले नाही तरी काहीतरी येईल, हे मात्र जवळपास निश्चित असते. मागच्या कामाला उशीर झाला होता, असे कोणी सांगितले की त्याचे 'खास' कारण पुढे केले जाते : तेव्हा ठेकेदार बदलला होता, तेव्हा निवडणूक होती, तेव्हा महासाथ होती. प्रत्येक विलंब अपवाद ठरतो आणि अपवादांतून नियम कोणी काढत नाही.

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच संदर्भात उद्धृत केला जातो. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारण्यात आले. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आले. सगळे काही बिघडले तर किती दिवस लागतील, याचे सरासरी उत्तर सुमारे ४९ दिवस होते. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. 'वाईटात वाईट' म्हणून केलेली कल्पनाही वास्तवापेक्षा सौम्य निघाली.

कोकण रेल्वेचा दाखला

गोवा आणि सीमाभागाच्या स्मरणातील सर्वांत मोठे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा हा मार्ग पाच वर्षांत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. ई. श्रीधरन यांच्यासारखा काटेकोर अभियंता प्रमुखपदी होता, निधी उभारण्याची स्वतंत्र व्यवस्था होती, कामाचे टप्पे पाडून ते वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलेले होते. तरीही संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. गोव्यातील मार्ग कुठून न्यावा या वादाने १९९३ मध्ये काम खोळंबले. नव्वदहून अधिक बोगद्यांपैकी मऊ मातीतून खणाव्या लागलेल्या काही बोगद्यांनी अभियंत्यांची कसोटी पाहिली. पेडण्याचा बोगदा त्यांत कुप्रसिद्ध ठरला. कठीण खडकात पुढे सरकणारे यंत्र भिजलेल्या चिकणमातीत निरुपयोगी ठरते आणि खणलेली जागा पुन्हा ढासळते, हे कागदावरच्या वेळापत्रकाला ठाऊक नव्हते.

या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोकण रेल्वे आजही देशातील उत्तम अभियांत्रिकी कामांत गणली जाते. विलंब म्हणजे दर वेळी आळस किंवा भ्रष्टाचार, असा निष्कर्ष काढता येत नाही. जे काम आधी कोणी केलेले नाही, त्यातील अज्ञात भाग कामाला हात घातल्यावरच उलगडतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाचे छत कसे बांधायचे हे निश्चित होण्याआधीच १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. ते १९६३ मध्ये खुले होणार होते. झाले १९७३ मध्ये. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला.

ज्या कामांत अज्ञात असे फारसे काही नसते, त्यांच्या विलंबाचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर पूर्ततेच्या किती तारखा जाहीर झाल्या याची मोजदाद प्रवाशांनीही सोडून दिली. रस्ता रुंद करणे हे नवे तंत्र नव्हे. इथली फाटके वेगळी आहेत : भूसंपादन, मोबदल्याचे वाद, वन खात्याच्या परवानग्या, जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या हलवणे, ठेकेदाराची आर्थिक ओढाताण. १५० कोटी रुपयांवरील केंद्रीय प्रकल्पांचा आढावा घेणाऱ्या सरकारी अहवालांत हीच कारणे वर्षानुवर्षे नोंदली जात आहेत. बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाडला जोडणाऱ्या, २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाची मंजुरी मिळालेल्या थेट लोहमार्गाच्या वाटेतही पहिला अडसर आला तो सुपीक जमीन देण्यास शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधाचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अडसर नसून पिढ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. जमिनीच्या मालकाची संमती गृहीत धरून आखलेले वेळापत्रक पहिल्या पानावरच चुकलेले असते.

अंदाज, आश्वासन आणि सौदा

इथपर्यंत प्रामाणिक चुकांचा विचार झाला. अंदाज चुकण्यामागे हितसंबंधही असतात. ऑक्सफर्ड विद्यापीठात अध्यापन केलेले बेंट फ्ल्यूबर्ग यांनी जगभरातील मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करून दाखवले, की कमी खर्च आणि कमी वेळ दाखवणाऱ्या प्रस्तावालाच मंजुरी मिळण्याची शक्यता अधिक असते. खरा आकडा सांगणारा स्पर्धेत मागे पडतो. एकदा काम सुरू झाले, रस्ता खणला गेला, की ते अर्धवट सोडणे कोणालाच परवडत नाही. हे सूत्र निविदेपुरते मर्यादित नाही. दिवाळीच्या तोंडावर कपडे शिवायला घेणारा शिंपी आणि 'परवा देतो' म्हणणारा सुतार हेही तेच करतात. महिनाभर लागेल असे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे दोघांनाही ठाऊक असते. गिऱ्हाईकही मनातल्या मनात त्या 'परवा'चे आठ दिवस करून घेते.

गफलत होते ती इथे. 'किती वेळ लागेल?' हा प्रश्न अंदाजाचा आहे, तर 'कधी देणार?' हा आश्वासनाचा. अंदाजात अनिश्चिततेला जागा असते, आश्वासनात नसते. वरिष्ठाने कपाळाला आठी घालताच अभियंत्याचे 'आठ महिने' सहावर येतात. कामात काहीच बदललेले नसते, बदललेला असतो तो केवळ आकडा. घासाघीस करून कमी केलेल्या वेळेला अंदाज म्हणता येत नाही.

बेळगाव जिल्ह्यातून पुण्या-बंगळूरला संगणक क्षेत्रात गेलेल्या तरुणांना हा अनुभव रोजचा असतो. या क्षेत्रात उशीर भरून काढण्यासाठी माणसे वाढवण्याचा मोह होतो. आयबीएमच्या एका महत्त्वाकांक्षी संगणक-प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच इशारा दिला होता, की रखडलेल्या प्रणालीवर नवी माणसे घातली तर ती आणखी रखडते. जुन्या माणसांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो आणि आपापसांतील समन्वयाचे धागे वाढत जातात. स्लॅब ओतताना मजूर दुप्पट केले तर उपयोग होतो. विचाराच्या कामाला तो नियम लागू पडत नाही.

मुदत वाढवून ठेवणे हाही पूर्ण उपाय नव्हे. दिलेल्या मुदतीत काम फुगत जाते, असे निरीक्षण सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडले होते. प्रत्येकाने आपापल्या टप्प्यात गुपचूप जादा दिवस राखून ठेवले, की ते तिथेच संपतात. अडचणीच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही. राखीव वेळ हवा, पण तो प्रत्येकाच्या खिशात नको. साऱ्या कामाच्या अखेरीस, सर्वांना दिसेल असा एकत्र ठेवलेला हवा.

तारीख न हलणारे काम

टिळकवाडीच्याच इतिहासात वेळेवर झालेल्या एका मोठ्या कामाचा दाखला आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील एकमेव काँग्रेस अधिवेशन इथे भरले. गंगाधरराव देशपांडे आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी तंबूंचे 'विजयनगर' उभारले, पाण्यासाठी विहीर खोदली. ती विहीर आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून ओळखली जाते. अधिवेशनाची तारीख पुढे ढकलण्यासारखी नव्हती. अशा कामात तारीख पक्की असते, म्हणून बाकीचे सैल ठेवावे लागते : दगडी सभागृहाऐवजी तंबू, मजुरांच्या जोडीला शेकडो स्वयंसेवकांचे हात. घरचे लग्न मुहूर्तावर लागते तेही याच कारणाने. मुहूर्त हलत नाही, म्हणून मांडवाची झालर राहून जाते आणि ते कोणाला खटकत नाही.

वेळ, खर्च आणि कामाची व्याप्ती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घट्ट बांधता येत नाहीत. सार्वजनिक कामांच्या फलकांवर मात्र तिन्ही आकडे सारख्याच ठामपणे रंगवलेले असतात. मग एक तरी मोडतो. बहुधा तारीख मोडते. ती मोडू दिली नाही तर दर्जा मोडतो आणि पहिल्याच पावसात रस्त्याला खड्डा पडतो. जानेवारी २०१६ मध्ये बेळगावची निवड स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत झाली. देशव्यापी अभियानाचा मूळ आराखडा २०१९-२० पर्यंतच्या पाच वर्षांचा होता. मुदत वाढत वाढत जून २०२३, जून २०२४ आणि पुढे मार्च २०२५ पर्यंत गेली. खणलेल्या रस्त्याकडेच्या दुकानदाराच्या वहीत या तारखांची नोंद बुडालेल्या विक्रीच्या रूपाने होते.

मागचे पाहून पुढचे

उपाय जादूचे नाहीत, पण ते ठाऊक आहेत. पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आपल्या कामाची गोष्ट रचण्याआधी तशाच कामांना प्रत्यक्ष किती काळ लागला, हे पाहणे. कानेमन यांनी याला बाहेरून पाहण्याची दृष्टी म्हटले आहे. ब्रिटिश अर्थखात्याने या शतकाच्या आरंभीच प्रकल्पांच्या मूळ अंदाजात आशावादापोटी राहून जाणारी तूट आधीच मिळवण्याची पद्धत लागू केली. टिळकवाडीतील कुटुंबाला यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. विकासकाच्या मागील तीन इमारतींच्या ठरलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष ताब्याच्या तारखा विचारल्या तरी पुरे. तिन्हींना सहा-सहा महिने उशीर झाला असेल, तर चौथीला तो होणार नाही असे मानायला सबळ कारण हवे.

दुसरा उपाय एका आकड्याऐवजी तीन आकडे मागण्याचा. अमेरिकेच्या नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्षेपणास्त्र-प्रकल्पासाठी वापरलेल्या पद्धतीत सर्वांत कमी, नेहमीचा आणि सर्वांत जास्त असे तीन अंदाज घेतले जातात. नेहमीच्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागतात. फाटकाच्या प्रवासाला कमीत कमी १०, नेहमी १२ आणि जास्तीत जास्त २६ मिनिटे लागत असतील, तर उत्तर १४ येते. दोन मिनिटांचा फरक किरकोळ वाटतो, पण त्याच प्रमाणात अठरा महिन्यांचे एकवीस होतात.

तिसरा उपाय वाटेतील फाटके आधी लिहून काढण्याचा. कोणती परवानगी कोणाच्या हाती आहे, पावसाळ्याआधी काय उरकले पाहिजे, कोणत्या कारागिराला पर्याय नाही, हे कागदावर आले की निम्मी अनिश्चितता दिसू लागते.

ग्राहकाच्या हाती कायद्याचेही बळ आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना 'रेरा'कडे नोंदणी करून पूर्ततेची तारीख जाहीर करावी लागते. ती पाळली गेली नाही तर खरेदीदाराला पैसे परत मागता येतात किंवा ताबा मिळेपर्यंत व्याज मागता येते. विलंबाची किंमत विलंब करणाऱ्यावर पडू लागली की अंदाज आपोआप खरे होऊ लागतात.

सर्वांत दुर्मीळ आहे ती नोंद ठेवण्याची सवय. नव्या कामाच्या फलकावर त्याची तारीख असते, मागच्या कामाला लागलेला वेळ नसतो. महापालिकेने, बांधकाम खात्याने, विकासकाने आणि घरातल्या माणसानेही 'ठरले केव्हा आणि झाले केव्हा' या दोन रकान्यांची वही ठेवली, तर पुढचा अंदाज मनातल्या गोष्टीवर विसंबून राहणार नाही. फाटक रोज कोणत्या वेळी पडते हे टिळकवाडीचा रहिवासी अनुभवाने शिकतो आणि महत्त्वाच्या दिवशी पंधरा मिनिटे आधी निघतो. सार्वजनिक कामांनीही तेवढे शिकायला हरकत नाही.